पंधरा राउंडांचे वस्ताद

वस्ताद टीव्हीवरची लढत कधी बसून बघत नसत. माझ्या दुकानात त्यांच्यासाठी एक लोखंडी खुर्ची ठेवलेली होती, पण पडद्यावर घंटा वाजली की ते उठायचे, डावा पाय पुढे टाकायचे आणि हनुवटी छातीशी घेऊन उभे राहायचे. तिकडे अमेरिकेत कुणी ठोसा टाकला की इकडे वस्तादांचा खांदा हलायचा. तिकडच्याने डोकं चुकवलं की हे कमरेत वाकायचे. सहा फूट उंचीचा, सत्तरीकडे झुकलेला माणूस, अंगात पांढरा सदरा, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि माझ्या एवढ्याशा दुकानात सकाळी सकाळी एकटाच लढतोय. एकदा त्यांचा उजवा हात असा काही सुटला की दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या हातातला कप उडून सेट-टॉप बॉक्सांच्या ढिगावर फुटला. वस्तादांनी वळूनही पाहिलं नाही. ‘राउंड संपू दे,’ एवढंच म्हणाले.

ताडकळसला माझा केबलचा धंदा. दुकान बाजाराच्या मैदानाला लागून. वस्तादांचं खरं नाव विश्वनाथअप्पा. फौजेत होते, तिथंच मुष्टियुद्ध शिकले, आणि नोकरी संपल्यावर गावी परत आले. आमच्या भागाला कुस्ती ठाऊक. जो कुणी अंगाने दणकट आणि मारामारीचं शास्त्र जाणणारा, तो वस्ताद. विश्वनाथअप्पांनी आयुष्यात कधी लांग कसली नव्हती, लाल माती अंगाला लावली नव्हती, तरी गावाने त्यांना वस्ताद केलं. त्यांनी सुरुवातीला समजावून सांगितलं, मग सोडून दिलं. ते मात्र कुणालाच नावाने हाक मारत नसत. मी ‘केबल’. कंपाउंडर ‘सुई’. घरी शांताकाकू होत्या, त्यांना ते ‘सरकार’ म्हणायचे. एकच मुलगी, ती लातूरला दिलेली.

अमेरिकेतली शनिवार रात्रीची लढत आपल्याकडे रविवारी सकाळी दिसते. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी वस्ताद दुकानावर चक्कर टाकणार हे ठरलेलं. पायरीवर उभे राहून म्हणायचे, ‘केबल, उद्या हेविवेट हाय. चित्राचे चौकोन पडू देऊ नको बरं का.’ जणू काही उपग्रह माझ्याच शेतात बांधलेला होता.

लढत बघून झाली की त्यांचा निकाल ठरलेला असे. ‘आताच्या हेविवेटात दम न्हाई.’ मग ते खुर्चीवर टेकायचे आणि आमची शाळा भरायची. पूर्वी जगज्जेतेपदाची लढत पंधरा राउंडांची होती, आता बाराच. पूर्वीचा जगज्जेता वर्षातून चार-चारदा उतरायचा, आताचा वर्षाला एकदा उतरतो, तोही पोस्टरवर जास्त आणि रिंगणात कमी. पूर्वी पट्टा एकच होता. ‘आता पट्टे चार अन्‌ जगज्जेतेबी चार. एका गावाला चार सरपंच असतेत का कुठं? मग कुणाचं ऐकायचं गावानं?’ दोन धिप्पाड गडी एकमेकांना कवळ घालून दमछाक लपवायला लागले, की वस्तादांचा पारा चढायचा. ‘हे बघ, हे बघ. व्याह्या-व्याह्याची भेट चाललीय. आता नारळ द्या दोघांना.’

आम्ही त्यांना चिडवायला म्हणून उलट बाजू घ्यायचो. कंपाउंडर मोबाइलवर शोधून वाचून दाखवायचा. आताचे साडेसहा फुटांचे आहेत, सव्वाशे किलोचे आहेत, त्यांचा आहार वेगळा, व्यायाम वेगळा. जुने जगज्जेते तर नव्वद किलोच्या आसपास होते, ते आजच्या मोठ्यांपुढे टिकले नसते. वस्ताद शांतपणे ऐकून घ्यायचे. एकदा मी सहज म्हणालो, ‘वस्ताद, तुमचं तरी वजन किती होतं हो?’

‘ब्याऐंशी.’

‘मग आज तुम्ही हेविवेटात बसलाच नसता.’

दुकानात हशा झाला. वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हिशोबात घेतल्यासारखं. म्हणाले, ‘केबल, सांडाचं वजन बैलाहून जास्त असतंय. म्हून काय तुझ्या बापानं सांड जुंपला होता का नांगराला?’

पण त्यांचा खरा राग पंचावर. कुणी मार खाऊन डळमळायला लागला आणि पंचाने मध्ये हात घालून लढत थांबवली, की वस्ताद रिमोट हिसकावून टीव्ही बंद करायचे. ‘पंच हाय का मावशी? उभा हाय ना तो अजून? उभा हाय तवर थांबवायचं न्हाई! आमच्या जमान्यात माणूस पडल्याबिगर थांबवत नव्हते.’ हे बोलताना त्यांचा आवाज दुकानाबाहेर बाजाराच्या ओट्यांपर्यंत जायचा. आमचं मनोरंजन व्हायचं. कुणाला काय ठाऊक होतं.

एरवी हा माणूस लोण्यासारखा होता. गावात कुणावर कधी हात उगारलेला मला आठवत नाही. बसस्थानकावर एक दारुडा त्यांना रोज शिव्या द्यायचा, त्याला ते ‘जय हिंद साहेब’ म्हणून पुढे जायचे. रोज आंघोळ झाली की लिंगपूजा. डाव्या तळहातावर लिंग घेऊन, त्यावर नजर लावून ते ओसरीवर बसत. मी कधी त्या वेळी बिल घ्यायला गेलो तर पायरीवरच थांबत असे. एवढा मोठा पंजा, सांध्यांवर गाठी आलेला, आणि त्यावर ते काळं इवलंसं लिंग. हात पाटासारखा स्थिर. बघत राहावं.

मग बाळू आला. पोखर्णीचा. त्याच्या वडिलांचं नरसिंहाच्या देवळाजवळ नारळ-प्रसादाचं दुकान. बाजाराच्या दिवशी तो टेम्पोतून नारळाची पोती उतरवत होता, तेव्हा वस्ताद माझ्या दुकानासमोर उभे होते. पोतं पाठीवर घेऊन तो ज्या तऱ्हेने पाय टाकत होता ते पाहून वस्तादांच्या हातातली पिशवी खाली गेली. ‘केबल,’ ते म्हणाले, ‘ह्याचे पाय बघ. जमिनीत रोवलेत.’ बाळू तेव्हा विशी ओलांडलेला, शंभर किलोच्या घरातला, लाजरा. पोलीस भरतीत धावण्यात दोनदा बाद झालेला. वस्तादांनी त्याला सरळ विचारलं, ‘मार खायची तयारी हाय का?’ बाळू म्हणाला, ‘घरी खातोच की.’ दोघेही हसले, आणि तिथंच जमलं.

त्या दिवसापासून वस्तादांचं वय उतरलं. मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाला त्यांनी पोतं टांगलं. खताची रिकामी गोणी, आत सरकी आणि खाली थोडी वाळू. बाळू रोज पोखर्णीहून मोटरसायकलवर यायचा. वस्ताद हातात टॉवेल गुंडाळून त्याच्यापुढे उभे राहायचे आणि फौजी हिंदीत ओरडायचे, ‘फिर से! फिर से!’ लोक जनावरं सोडायला निघालेले थांबायचे. बाजारचे भाजीवाले निकाल द्यायचे. वस्ताद मला म्हणायचे, ‘ह्या पोराला मी जुन्या जमान्यातला करणार. टीव्हीवरच्यासारखा न्हाई. पंधरा राउंडांचा.’ हौशी लढत तीनच राउंडांची असते हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी तो शब्द त्यांच्या तोंडातून जात नव्हता. आणि बाळूला त्यांनी सगळ्यात आधी शिकवलं ते हेच, की मार बसला तरी पाय सोडायचे नाहीत. हात उचलायला जमलं नाही तर न जमो, उभं राहायचं.

पहिल्यांदा शांताकाकूंनी मला हाक मारली ती असंच बिलाचं निमित्त करून. वस्ताद मैदानावर होते. काकू ओसरीवर बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. म्हणाल्या, ‘भाऊ, आज सकाळी यांच्या हातातून लिंग पडलं.’

लिंगायतांच्या घरात ही केवढी गोष्ट, हे मला ठाऊक होतं.

‘हात थरथरायला लागलाय. दोन महिने झाले असतील. डाळीत मीठ टाकलं का म्हणून विचारतेत, मी हो म्हणते, परत विचारतेत. परवा शेतातून येताना आपल्याच गल्लीत उभे. म्हणे, सरकार, घराला रंग कधी दिला? भाऊ, रंग पोरीच्या लग्नात दिलेला हाय. तुमचं ऐकतेत ते. घेऊन चला कुठंतरी.’

आम्ही त्यांना नांदेडला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. टीव्हीच्या केबलची तार आणायची आहे, सोबत चला, असं सांगून नेलं. दवाखान्याच्या दारात त्यांना कळलंच, पण काकूंकडे बघून ते गप्प आत आले. डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. मेंदूच्या तपासणीचा फोटो उजेडावर लावून त्यांनी विचारलं, ‘आजोबांना कधी अपघात झाला होता का?’

‘अपघात कशाचा?’ वस्ताद म्हणाले. ‘बॉक्सिंग केली मी. जवानी सगळी त्यात गेली.’

‘डोक्याला मार बसायचा?’

वस्ताद हसले. ‘मग कुठं बसणार डॉक्टरसाहेब? डोकंच तर समोर असतंय.’

डॉक्टर हसले नाहीत. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेले धक्के, प्रत्येक वेळी बेशुद्ध पडायला हवं असं नाही, लहान लहान धक्केही साठत जातात, असं त्यांनी सावकाश सांगितलं. कंप थोडा कमी करायला गोळ्या देतो म्हणाले. मी दाराबाहेर गाठून विचारलं, बरं होईल ना? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘झालेलं मागे फिरत नाही. वाढत जाईल. कधी सावकाश, कधी लवकर. सांभाळा.’ सांभाळा म्हणजे काय करा, हे विचारायचं मला सुचलं नाही.

परत येताना जीपमध्ये काकू मागच्या सीटवर झोपी गेल्या होत्या. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलेलं. वस्ताद पुढे माझ्याशेजारी, मांडीवर हातावर हात दाबून बसलेले. मग आपणहून बोलायला लागले.

‘केबल, फौजेत आमच्या सेंटरात भारी वजनाचा मी एकटाच होतो. हलक्या वजनाची पोरं ढीगभर. कोच त्यांना म्हणायचा, अप्पावर हात चालवा, हात पक्का होतोय. मग सकाळी एक यायचा. त्याच्यामागं दुसरा. त्याच्यामागं तिसरा. मी आपला उभा. लय चांगलं वाटायचं बघ. सगळे म्हणायचे, अप्पाला काय होत न्हाई.’

मी गाडी चालवत राहिलो. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, ‘आणि ते चांदीचं पदक? काकूंनी कपाटात ठेवलंय ते?’

‘त्या स्पर्धेत आमच्या वजनात दोघंच होतो.’ ते बाहेर बघत म्हणाले. ‘दुसरा जिंकला.’

इतकी वर्षं ‘आमच्या जमान्यात, आमच्या जमान्यात’ म्हणून आम्ही ऐकत आलो होतो, तो जमाना दोन माणसांचा होता. मी गिअर बदलला. थोड्या वेळाने तेच म्हणाले, ‘पण टीव्हीवरचे जुने खरे होते, केबल. ते खोटं न्हाई.’

‘नाही नाही,’ मी म्हणालो. ‘ते खरेच होते.’

त्यांनी बाळूला यातलं काही सांगितलं नाही. मीही नाही. मोठी स्पर्धा तोंडावर आली होती. परभणीला एका मंगल कार्यालयात रिंगण उभं केलं होतं. वर झुंबर, भिंतीवर आदल्या दिवशीच्या लग्नातली थर्माकोलची अक्षरं तशीच, खाली दोरांच्या चौकोनात पोरं एकमेकांना मारतायत. बाळूचे वडील नारळाचं दुकान बंद ठेवून आले होते. पोखर्णीची दोन टेम्पो माणसं होती. मी बादली धरून कोपऱ्यात, वस्तादांच्या शेजारी.

बाळूसमोर नांदेडकडचा एक उंच मुलगा होता. पहिल्या राउंडला बाळूने त्याला दोरांना लावला. पोखर्णीची माणसं नाचली. दुसऱ्या राउंडला त्या मुलाने लांबून उजवा हात सोडला, तो बाळूच्या कानशिलावर बसला. आवाज ओला होता. बाळूचे हात खाली आले. पण पाय हलले नाहीत. वस्तादांनी शिकवलं होतं तसे जमिनीत रोवलेले राहिले. दुसरा बसला, तिसरा बसला. पंचाने मध्ये येऊन आकडे मोजले, बाळूच्या डोळ्यांत पाहिलं, बाळूने मान हलवली, पंच बाजूला झाला. लोक ओरडत होते, ‘उभा हाय, उभा हाय! शाबास रे वाघा!’

मी वस्तादांकडे पाहिलं. ते ओरडत नव्हते. टॉवेल दोन्ही मुठींत पिळून धरलेला. ओठ हलत होते. ‘थांबवा,’ ते म्हणत होते. पण त्या गोंगाटात मलाच कसाबसा ऐकू आला तो आवाज. लढत सोडल्याची खूण म्हणून त्यांनी टॉवेल रिंगणात फेकला. हात थरथरत होता, टॉवेल वरच्या दोरावर अडकला आणि तिथंच लोंबकळत राहिला. कुणाचं लक्ष गेलं नाही. तेव्हा वस्तादांनी दोर वर उचलला, ते वाकून आत शिरले आणि बाळूपुढे जाऊन उभे राहिले. त्या उंच मुलाकडे पाठ करून, बाळूला दोन्ही हातांनी छातीशी धरून. एक ठोसा सुटलेला होता, तो वस्तादांच्या पाठीत बसला. मग घंटा वाजली, वाजतच राहिली.

पोखर्णीची माणसं शिव्या देत बाहेर पडली. मागच्या खोलीत, जिथं नवरदेवाला बसवतात, तिथं बाळू पाटावर बसला होता. एक डोळा मिटत आलेला. वस्ताद त्याला पाणी द्यायला वाकले.

‘मी पडलो नव्हतो, वस्ताद.’

‘ठाव हाय.’

‘मग कामून थांबवलं? तुमीच म्हणत होता ना, उभा हाय तवर थांबवायचं न्हाई?’

वस्तादांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. शब्द न येणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. ते नुसते उभे राहिले, हातातल्या बाटलीतलं पाणी हिंदकळत होतं.

‘तुमच्या टायमाला तुमाला कुणी थांबवलं होतं का?’ बाळू ओरडला.

‘न्हाई,’ वस्ताद म्हणाले. आता शब्द आला. ‘कुणीच न्हाई थांबवलं रे.’

बाळूने ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तो वडिलांबरोबर निघून गेला आणि ताडकळसच्या मैदानावर पुन्हा आला नाही. लिंबाखालचं पोतं पावसात भिजलं, सरकीला मोड आले. काही दिवसांनी कळलं की परभणीत एका नव्या व्यायामशाळेत तो जातो, तिथं चारी बाजूंनी आरसे आहेत, गाणी लावतात, आणि तिथला शिकवणारा म्हणतो की ह्याच्यासारखा मार खाणारा गडी मराठवाड्यात दुसरा नाही. मोठ्या वजनाची पोरं तिथं कमी आहेत. त्यामुळे सगळे बाळूवरच हात चालवतात.

हे ऐकल्यावर वस्ताद दोन दिवस जेवले नाहीत, काकूंनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. ‘पोखर्णीला सोड मला.’

देवळासमोर नारळाच्या दुकानात बाप-लेक दोघेही होते. गिऱ्हाईक होतं, त्यामुळे आम्ही बाजूला थांबलो. मग वस्ताद पुढे झाले आणि त्यांनी डावा हात बाळूपुढे धरला. तळवा वर. तो हात वाऱ्यात पान हलावं तसा हलत होता. ‘हे बघ,’ म्हणाले. ‘हे म्हातारपण न्हाई. हे डोक्याला बसलेल्या माराचं हाय.’

बाळूच्या वडिलांनी हात जोडले. ‘वस्ताद, तुमच्या पाया पडतो. पण तुमीच लावला त्याला हा नाद. आता तो माझंबी ऐकत न्हाई.’

बाळू खाली बघत होता. राग गेला होता त्याचा, ते दिसत होतं. उलट तो फार हळुवार बोलला, आणि तेच जास्त कठीण होतं. ‘वस्ताद, तुमच्या टायमाला काई नव्हतं. आता डॉक्टर असतेत, तपासणी असतेय. सरावाला टोप घालतेत. जमाना बदललाय. मला खेळाडूच्या कोट्यातून नोकरी लागंल. दुसरं मला येतंय काय? धावता येत न्हाई, शिकता आलं न्हाई. एवढंच येतंय.’

वस्तादांनी हात मागे घेतला आणि ते गाडीकडे वळले.

परत येताना वस्ताद गाडीत म्हणाले, ‘पोरगं मला सांगायलंय, आताचा जमाना भारी म्हून.’ मला वाटलं, आता सुरू होणार, पंधरा राउंड, एकच पट्टा, व्याह्यांची भेट. मी वाट पाहिली. पण ते म्हणाले, ‘असंल बाबा. आताचाच भारी असंल. आताचे डॉक्टर भारी, आताचे पंच भारी. असू दे. देवा, असू दे.’ आणि त्यांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. आयुष्यभर जी गोष्ट त्यांनी कबूल केली नव्हती, ती आता खरी निघावी म्हणून ते आर्जव करत होते.

त्यानंतरचं वर्ष उतरणीचं. काही रविवारी ते दुकानात आले, पण लढत लागली की तोंड फिरवायचे. ठोसा बसला की ‘आई गं’ म्हणायचे. एका सकाळी जुन्या काळातली एक गाजलेली लढत दाखवत होते, त्यांची सगळ्यात आवडती. मी आनंदाने त्यांना बोलावलं. त्यांनी थोडा वेळ पाहिलं, मग मला विचारलं, ‘ह्यांचं भांडण कशाचं हाय?’ कंपाउंडर उठून बाहेर गेला. मी चॅनल बदललं.

मग घराबाहेर पडणं बंद झालं. मुलगी लातूरहून यायची, रडायची, जायची. एकदा न्हाणीत ते बसले ते उठेचनात. काकूंनी मला बोलावलं, मी शेजारच्याला बोलावलं. आम्ही तिघांनी मिळून जोर लावला, पण ते शरीर अजून हेविवेटच होतं. आमच्याच्याने हललं नाही. ओल्या फरशीवर ते बसून होते आणि आमच्याकडे माफी मागितल्यासारखं बघत होते. मी बाळूला फोन लावला. का लावला, सांगता येणार नाही. दुसरं कुणी सुचलं नाही.

तो आला. चप्पल काढली, आत गेला, वस्तादांच्या काखेत हात घातले आणि लहान मूल उचलावं तसं त्यांना उचललं. तेव्हापासून तो दर गुरुवारी आणि रविवारी येतो. वस्तादांना न्हाऊ घालतो, दाढी करतो, पाठीला तेल लावतो. काकू त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. वस्ताद त्याला ओळखत नाहीत. कधी त्याला जावई समजतात, कधी कुणी फौजेतला पोरगा. पण त्याने हात लावला की शांत होतात, दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नाहीत.

आणि तो अजून खेळतो. कोट्यातली नोकरी अजून लागलेली नाही. यंदा लागेल म्हणतात, मागच्या वर्षीही म्हणत होते. काकू दर वेळी विनवतात, तो दर वेळी म्हणतो, ‘एवढी स्पर्धा होऊ द्या काकू, मग सोडतो.’

परवाच्या रविवारी मी तिथंच होतो. बाळू पाटावर बसवून वस्तादांच्या अंगावर पाणी घालत होता. त्याच्या डाव्या भुवईवर लिंबाएवढी सूज होती, खाली काळंनिळं. वस्ताद त्या सुजेकडे बघत राहिले. मग त्यांचा थरथरता ओला हात वर आला, आणि मोठ्या कष्टाने, दोनदा चुकून, त्यांनी दोन बोटं तिथं टेकवली.

‘कुणी मारलं रं, लेकरा?’

बाळू तांब्या हातात धरून तसाच थांबला. ‘कुणी न्हाई,’ म्हणाला. ‘जीपचं दार लागलं.’

‘सरकार,’ वस्तादांनी हाक मारली. ‘लेकराला हळद लावा. लय लागलंय.’

काकूंनी हळद उगाळून आणली. बाळू न्हाणीच्या उंबऱ्यावर बसला, मान वर करून. काकूंनी हळद लावली. वस्तादांना पुसून, कपडे चढवून, खाटेवर बसवून बाळूने मोटरसायकल बाहेर काढली. त्याला अकराच्या आत परभणीला पोचायचं होतं. मी दारापर्यंत गेलो. ‘डोळा दाखवून घे,’ एवढंच म्हणालो. ‘घेतो,’ म्हणाला आणि गेला.

गाडीचा आवाज मैदानापलीकडे विरेपर्यंत वस्ताद कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, ‘लेकरू गेलं का?’

‘गेलं,’ काकू म्हणाल्या.

‘कुठं?’

‘परभणीला.’

‘शिकायला?’

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘शिकायला.’

‘बरं झालं,’ वस्ताद म्हणाले, आणि समाधानाने डोळे मिटून भिंतीला टेकले.